पत्र्यामागचा बाजारतळ

बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार उठला, मंगळवारी सकाळी माणसं चहाला बाहेर पडली, तर गावाच्या मधोमध निळी भिंत उभी. पत्र्यांची. उंचापुऱ्या माणसाने टाचा वर केल्या तरी पलीकडचं दिसू नये एवढी. अर्धा बाजारतळ आत गेलेला. जनावरांच्या पाण्याचा हौद आत, लिंबाचं झाड आत, त्याचा फक्त शेंडा वर दिसत होता. पाटी नाही, कंपनीचं नाव नाही. एक फाटक, त्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली नवनाथच्या कमरेला.

नवनाथ गावचाच, बयाबाई मिरचीवालीचा मुलगा. आधी बैलांची दलाली करायचा, मग जमिनींची करायला लागला, आणि आता पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा गावातला माणूस झाला होता. पायात चेनचे नाही, लेसचे बूट. काय होणार म्हणून विचारलं की हसायचा.

"मला बोलायला बंदी हाये, राव. तोंड उघडलं की काम गेलं."

मग गावाने आपलं तोंड उघडलं.

*

पत्र्यामागे मॉल आहे. दारातच थंड हवा अंगावर येते. सरकता जिना आहे आणि गावातला म्हातारा धर्माजी धोतराचा सोगा धरून त्यावरून उतरतो आहे, उतरतो आहे, जिना काही संपत नाही.

हे पप्पूच्या सलूनमध्ये ठरलं. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक फेसासकट उठून बाहेर आलं आणि पत्र्याकडे बघून परत खुर्चीत बसलं.

*

नाही. पत्र्यामागे दवाखाना आहे, मुंबईच्या तोडीचा. पांढऱ्या फरशीवर पांढऱ्या चपला वाजतात. लिफ्टमध्ये खाटेसकट माणूस मावतो.

"मावतो म्हंजी? तू बघितला का?"

"नकाशा बघितल्याला माणूस मला भेटला."

"त्याचं नाव सांग."

"नाव सांगायचं न्हाई, असं म्हनला तो."

*

आणखी काही दिवसांनी गोकुळ टेम्पोवाल्याने एका परक्या माणसाला पत्ता सांगितला, "मॉलच्या अलीकडं डावीकडं वळा." तो माणूस बरोबर वळला आणि बरोबर पोचला. गोकुळ मग बराच वेळ टेम्पोला टेकून उभा राहिला. आपण काय बोललो आणि ते त्याला कसं कळलं, हे त्याला सुधरेना.

*

सगळं गाव विचारत होतं, वर काय येणार. एकटी कोंडाबाई विचारत होती, खाली किती जाणार.

कोंडाबाई दोरवाली. कासरे, वेसणी, म्होरक्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा. नवरा बाजीराव बैलांचा दलाल, तो जाऊन बरीच वर्षं झाली. तिची जागा हौदापाशी. दोर विकणाऱ्या बाईने पाण्याच्या हौदापाशी बसावं यापेक्षा येडेपणा नाही. जनावर पाणी पिऊन मान झटकायचं आणि कासरे भिजायचे, घुंगरांवर चिखल उडायचा. भागू केरसुणीवाली हसायची.

"कोंडाबाई, आता दोराऐवजी मासं इकायला घ्या."

"तू तुझं बघ. तिकडं तळाच्या जुन्या भिताडाला नाक लावून बसतीस, गिऱ्हाइकाला तुझी नुस्ती पाठ दिसती."

बयाबाईचं तर त्याहून अवघड. लिंबाची सावली चार हातांवर असताना ती मोकळ्या तळावर मधोमध बसायची, भर उन्हात, डोक्यावर पोतं घेऊन. कुणी म्हटलं सावलीला ये, तर म्हणायची, "मिरची वाळती हितं." वाळलेली मिरची आणखी किती वाळणार! पण म्हाताऱ्या बायांची जागा म्हणजे जागा. एखाद्या नव्या भाजीवालीने तिथे गोणपाट टाकलं तर शिव्यांनी तिचं घराणं उद्धरलं जायचं.

कोंडाबाईच्या जागेचं कारण बाजीरावला माहीत होतं आणि तिला.

लग्न नवं होतं. पिंपरी पेंढारहून ती भरल्या पोटाने नवऱ्याबरोबर बाजाराला आली आणि अवेळी कळा सुरू झाल्या. बैलगाडीच्या आडोशाला मुलगी झाली. रडली नाही फारशी. दिवस कलायच्या आत गेली. ओढ्याला पूर, मसणवट्याकडे जायची वाट बंद. बाजीरावने खांद्यावरचं उपरणं मधोमध फाडलं, अर्ध्यात पोर गुंडाळली आणि हौदामागे, जिथली माती ओली आणि मऊ होती तिथे, हातभर खड्डा घेतला. खाली मीठ, वर बाभळीची फांदी, त्यावर दगड.

"कुणापाशी बोलायचं न्हाई," तो म्हणाला होता. "तळावर मढं गाडलंय कळलं, तर हितं जनावर उभं करणार न्हाई कुनी. आपल्यामुळं बाजार उठंल."

ती बोलली नाही. दर सोमवारी तिथे येऊन बसली, एवढंच. दगड गेला, काटे गेले, हौदाला नवं प्लास्टर झालं. ती बसत राहिली. फाटून उरलेलं अर्धं उपरणं बाजीरावने जन्मभर सौद्याला वापरलं, आणि त्याच्यामागे ती घुंगरमाळांखाली अंथरायची.

आता ती जागा पत्र्यामागे होती.

*

पत्र्यामागे काहीच नाही. पत्र्याच्या फटीला डोळा लावून पप्पूने पाहिलं. गवत, हौद, लिंब. "नुस्ता तळ हाये," तो म्हणाला, आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नुसत्या तळाला कोण पत्रे लावतं?

*

उरलेल्या अर्ध्या तळावर बाजार भरायचा. दाटीवाटीने. बाया रस्त्याच्या कडेला, पत्र्याला पाठ लावून बसायला लागल्या. एका सोमवारी, ऊन डोक्यावर असताना, कोंडाबाईला वाटलं बाजार गप्प झालाय. झाला नव्हता, माणसं ओरडतच होती. पण दावणीला बांधलेले बैल सगळे एका दिशेला तोंड करून उभे होते. पत्र्याकडे. वैरण मागे पडलेली. कान पुढे. शेपट्यासुद्धा हलत नव्हत्या.

पलीकडे मशीन चालू झालं. माती तपासायला भोक पाडतात ते. जमिनीतून गुरगुर आली आणि तिच्या मांडीखालून वर चढली. तिची छाती जड झाली, ठणकली, चोळी ओली झाल्यासारखी वाटली. तिने पदराआड हात घालून पाहिलं. कोरडी. सत्तरीच्या बाईची चोळी कोरडीच असणार.

ती उठली, घुंगरमाळांखालचं उपरणं ओढून खांद्यावर टाकलं आणि तशीच नवनाथकडे गेली.

"नवनाथ, एक इच्यारते. पाया किती खोल घेनार?"

"मावशे, सगळं गाव वरचं इच्यारतंय, तू खालचं? लई हुशार झालीस."

"सांग."

"बंदी हाये म्हनलं ना."

तिने खांद्यावरचं अर्धं उपरणं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा भाव बोलून ठरत नाही. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून आकडा सांगितला जातो. आणि उपरण्याखाली कळलेलं ओठांवर आणायचं नाही, हा दलालांचा नियम. नवनाथ हे सगळं बाजीरावच्याच हाताखाली शिकला होता. त्याने उपरण्याकडे पाहिलं, फाटकी किनार ओळखली. इकडेतिकडे बघून हात आत घातला.

"पुरुष किती?" तिने विचारलं.

त्याने तिची दोन बोटं दाबली. दोन पुरुष खोल, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं.

"कुठं कुठं?"

त्याने तिच्या तळहातावर बोट गोल फिरवलं, सगळ्या तळव्यावरून. सगळाच तळ. मग हात काढून घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "न्हाई बा, मला काय म्हाईत न्हाई."

*

पण बाजाराने पाहिलं होतं.

ज्याने उपरण्याखाली हात घातला त्याचा सौदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या बाजार हेच धरून चालला होता, त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं. दिवस मावळायच्या आत कोंडाबाई कंपनीची भागीदार झाली होती.

पत्र्यामागे कोंडाबाईचं दुकान आहे. काचेचं. आत दिव्यांखाली एकच कासरा टांगला आहे आणि शहरातली माणसं रांग लावून तो बघून जातात.

"मावशे, गाळा कोणत्या बाजूला मिळाला?" पप्पूने दुकानातूनच हाक दिली.

"जय भीम, कोंडाबाई. आमची पन आठवन ठेवा आता," धर्माजी काठी टेकत थांबला. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी आपण होऊन जय भीम केला नव्हता.

भागू बोलायची बंद झाली. बयाबाई शेजारीच बसायची, ती तिच्याकडे बघेना. एका दुपारी मात्र मिरच्या निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "माझ्या पोरानं काय सांगितलं तुला?"

"बोलता येत न्हाई, बये. उपरन्याखालचं हाये."

"खोल जानार का?"

कोंडाबाईने एक कासरा उचलून गुंडाळायला घेतला. तेव्हा तिच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. तिच्या डोक्यात फक्त तळव्यावर गोल फिरलेलं बोट होतं.

बोलायची सोय नव्हती. नवनाथचं सांगायचं नाही, हा बाजाराचा नियम. पोरीचं सांगायचं नाही, हा बाजीरावचा शब्द. आणि माणसं तर उठता बसता विचारत होती. शेवटी गोकुळ, पप्पू आणि आणखी दोघे तिला घेरून बसले तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं.

"तिथं काय बी बांधता येनार न्हाई. खाली बारव हाये."

"बारव?"

"जुनी. पायऱ्यांची. आमच्या ह्यांनी सांगितलं व्हतं. त्याला हात लावला तर वाईट हुईल."

*

पत्र्यामागे बारव आहे. पायऱ्या काळ्या दगडाच्या, खाली खाली जाणाऱ्या. पाणी इतकं थंड की दात शिवशिवतात. धर्माजीने लहानपणी ते प्यायलं आहे. त्याला चव आठवते. कोनाड्यात दिवा असायचा. दिवा कोण लावायचं? एक बाई लावायची. कोण बाई? ते आठवत नाही, पण ती पाठमोरी असायची.

गावातली प्रज्ञा कॉलेजात जाते. तिने धर्माजीचं बोलणं मोबाइलवर घेतलं आणि पाठवलं. जुन्नरपासून लोणीपर्यंतच्या माणसांनी ते पाहिलं. लांबून माणसं आली आणि पत्र्याला कान लावून उभी राहिली. काहींना पाण्याचा आवाज आला.

कोंडाबाईनेही एकदा कान लावला. तिलाही आला. आपण रचलेल्या विहिरीचं पाणी आपल्यालाच ऐकू येतंय म्हटल्यावर तिने घाबरून पत्रा सोडला.

*

पुण्याहून साहेब आले. तरुण, नम्र, घामाघूम. त्यांनी फाटक उघडायला लावलं आणि ज्याला यायचं त्याला आत येऊ दिलं. पहिल्यांदाच. गाव आत शिरलं आणि बुजल्यासारखं एका कडेला उभं राहिलं. मॉल नव्हता, दवाखाना नव्हता. गुडघाभर गवत, हौद, लिंब. मधोमध पिवळं जेसीबी.

"आजी," साहेब कोंडाबाईला म्हणाले, "बारव कुठे आहे ती जागा तुम्ही दाखवा. सगळ्यांसमोर खणून बघू. निघाली तर आम्ही नकाशा बदलू. नाही निघाली तर उद्यापासून पूर्ण जागेत काम सुरू होईल. मग मात्र कुणी काही बोलायचं नाही. चालेल?"

"चालंल की!" गर्दी म्हणाली.

कोंडाबाईला कळलं, आपण मशीनला आमंत्रण देऊन आणलंय. बारव नाहीच. बोट कुठेही दाखवलं तरी उद्या सगळा तळ दोन पुरुष खाली जाणार. हातात होता तो आजचा दिवस. आज तरी हौदामागची माती हलू नये. तिने हौदाकडे बघायचंसुद्धा टाळलं, उलट्या बाजूला तोंड केलं, आणि मोकळ्या तळाच्या मधोमध, जिथे ना झाड ना सावली, तिथे बोट दाखवलं.

"थितं."

जेसीबी घरघरलं, वळलं. लोखंडी पंजा वर गेला.

"तिथं नगं!"

आवाज बयाबाईचा. ती गर्दीतून बाहेर आली, पळत नव्हती, पण कुणी वाटेत थांबलं नाही. पंज्याखाली जाऊन गवतावर बसली. दर सोमवारी बसायची तशी, पाय मुडपून. डोक्यावर पोतं नव्हतं, म्हणून पदर ओढून घेतला.

"तिथं नगं, कोंडे," ती पुन्हा म्हणाली, हळू.

कोंडाबाईने तिच्याकडे पाहिलं. भर उन्हातली ती जागा. वाळलेली मिरची. आणि 'खोल जानार का'.

"चुकलं माझं, सायेब," ती घाईने म्हणाली. "थितं न्हाई. तिकडं, भिताडापाशी."

चालकाने मशीन मागे घेतलं. ते तळाच्या जुन्या भिंतीकडे वळतंय तोवर भागू केरसुणीवाली कुणालाही न सांगता तिकडे चालत गेली होती. भिंतीला नाक लावून, गर्दीकडे पाठ करून ती खाली बसली. तळहात जमिनीवर ठेवला, आणि काढला नाही.

आता कुणी हसत नव्हतं.

"आजी, नक्की कुठे?" साहेबांनी विचारलं.

कोंडाबाईने हात उचलला. लिंबाकडे न्यावा म्हणून उचलला, तेवढ्यात गर्दीच्या मागच्या बाजूने पिंपरी पेंढारची एक म्हातारी, बांगड्या विकणारी, लिंबाच्या दिशेने निघाली. बोट अजून तिकडे पोचलंही नव्हतं. तिच्यामागून आणखी एक निघाली, फाटकाकडे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या जागांवरून त्या भांडल्या, त्या जागांवर एकेक जण जाऊन बसत होती, आणि मधल्या गवतात जेसीबी आपला पंजा वर धरून उभं होतं.

कोंडाबाईने हात खाली घेतला. दाखवायला कुठे जागा उरली नव्हती. ती हौदामागे गेली आणि बसली. माती अजून तशीच होती, ओली आणि मऊ.

चालकाने इंजिन बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब नवनाथला म्हणाले.

"मोबदला मागत्यात वाटतं," गर्दीतून एक जण कुजबुजला.

"न्हाई रं. अंगात आलंय."

"सगळ्यांच्या एकदम?"

नवनाथ आईपाशी गेला. त्याचे कान लाल झाले होते. "आई, ऊठ. काय लावलंय? सायेब बघत्यात. तुला पायजे काय? सांग तरी!"

बयाबाईने ओठ आवळून घेतले. तिचंही कुणाला तरी दिलेलं वचन असणार.

कोंडाबाई हौदामागून उठली, नवनाथजवळ आली आणि खांद्यावरचं अर्धं उपरणं त्याच्या हातावर टाकलं.

"बोलून न्हाई सांगायची ती," ती म्हणाली. "हात घाल."

तो गुडघ्यावर बसला. उपरण्याखाली त्याचा हात गेला, आईचा गेला. उपरणं बराच वेळ हललं नाही. दलालाच्या संसारात जन्म गेलेल्या बाईला वरून कापड बघून खालचा आकडा कळतो. कोंडाबाईला कळला. एक.

"एक काय?" नवनाथ म्हणाला.

बयाबाईने दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यापासून वरची हवा दाखवली, त्याच्यापेक्षा थोरलं कुणी उभं असावं तशी. मग तोच हात खाली, आपण बसलो होतो त्या गवतावर टेकवला.

बाजारात आकडा कळला की बोट सोडतात. बयाबाईने सोडलं नाही.

पत्र्याबाहेर, ज्यांना आत जागा मिळाली नव्हती ती माणसं ओरडत होती. "काय निघालं रं? आरं, सांगा की! पायऱ्या दिसत्यात का?" थोड्या वेळाने बाहेरच कुणीतरी म्हणालं, दिसतायत, आणि आरोळी उठली.

नवनाथने आपल्या पायांकडे पाहिलं, ते कशावर टेकलेत त्याकडे. एक हात उपरण्याखाली अडकलेला होता, म्हणून दुसऱ्या एकाच हाताने तो बुटांच्या नाड्या सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती. त्याला वेळ लागत होता.